येओर्ग फोर्समन ते युर्यो कोस्किनेन: उत्तरेकडची नावं उकलायची रीत

गजानन रंगनाथ शिरवाडकर हे नाव नाशकात अचानक कुणापुढे टाकलं तर बरेच जण अडखळतील. तेच दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले आणि बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज, एवढं म्हटलं की लगेच ओळख पटते. माणूस एक, नावं तीन. घरच्या माणसाचा हा हिशेब आपण न चुकता करतो. फिनलंडच्या इतिहासकाराचा करायची वेळ आली की मात्र गडबड होते आणि मराठी लेखात, सूचीपत्रात, अनुवादाच्या टिपांत एका माणसाची दोन माणसं उभी राहतात.

युर्यो कोस्किनेन यांचंच घ्या. जन्म १० डिसेंबर १८३०, फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वासा गावी. तेव्हाचं नाव येओर्ग सकारियास फोर्समन. स्वीडिश भाषेत 'फोर्स' म्हणजे नदीचा खळाळ. सोमेश्वरला पावसाळ्यात गोदावरी खडकांवरून उसळते तसा. फिनिश भाषेत त्यालाच 'कोस्की' म्हणतात. विद्वानांनी स्वीडिश किंवा लॅटिनमध्येच लिहायचं, असा रिवाज असलेल्या काळात हा माणूस फिनिशमध्ये इतिहास लिहायला बसला आणि त्यासाठी आपलं नावही भाषांतरित करून घेतलं. फोर्सचा कोस्की झाला, 'मन' जाऊन 'नेन' हा फिनिश प्रत्यय आला. येओर्गचं फिनिश रूप युर्यो. दोन्हींचं मूळ ग्रीक 'गेओर्गोस', म्हणजे शेतकरी. सकारियासचं झालं सकारी. १५९६-९७ च्या शेतकरी बंडावर, ज्याला तिकडे 'सोट्यांचं युद्ध' म्हणतात, त्यांचा अभ्यास १८५७ पासून छापून आला. पुढे ते हेलसिंकीच्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले, मग सिनेटर. १८८२ साली उमरावपद मिळालं तेव्हा टोपणनावच घराण्याचं नाव झालं, तेही पहिल्या नावासकट: युर्यो-कोस्किनेन. त्यामुळे त्यांचं शेवटचं पूर्ण नाव युर्यो सकारी युर्यो-कोस्किनेन. पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटावी, पण बरोबर आहे. मृत्यू १३ नोव्हेंबर १९०३.

त्यांचे भाऊ, कायद्याचे प्राध्यापक याक्को, शेवटपर्यंत फोर्समनच राहिले. सख्खे भाऊ, आडनावं दोन. असं का होतं हे कळायचं तर नावाचा शेवटचा शब्द कुठल्या जातीचा आहे ते ओळखता यायला हवं. बाकीची बरीचशी मेहनत त्यानंतर आपोआप कमी होते.

शेवटचा शब्द कुठल्या खणात टाकायचा

आपल्या डोक्यात नावाचे तीन खण पक्के बसलेत: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्या सवयीने उत्तर युरोपातल्या नावाचा शेवटचा शब्द आपण सरळ आडनावाच्या खणात ढकलतो. एकोणिसाव्या शतकाच्या आधीच्या खेड्यातल्या माणसाबाबत हे बहुतेक वेळा चुकतं. अँडर्सन म्हणजे अँडर्सचा मुलगा, लार्सडॉटर म्हणजे लार्सची मुलगी, बस. मोडी कागदात 'राणोजी बिन हरजी' असं येतं. तिथला 'बिन' आणि इथला 'सन' एकच काम करतात. राणोजीच्या मुलाला कुणी 'हरजी'वाला म्हणणार नाही, तसंच माट्स अँडर्सनचा मुलगा अँडर्सन नसतो, माट्सन असतो.

हा दुसरा खण गोठून आडनाव कधी झाला, त्याची सालं देशागणिक वेगळी आहेत आणि ती जवळ लिहून ठेवावीत. डेन्मार्कने १८२८ साली कायम आडनावाचा हुकूम काढला, पण खेड्यांनी तो लगेच मनावर घेतला नाही. स्वीडनचा नियम १९०१ चा. फिनलंडचा कायदा १९२० चा, अंमल १९२१ पासून. नॉर्वेचा १९२३ चा. आइसलँडने हे केलंच नाही. १९२५ मध्ये उलट नवी आडनावं घ्यायलाच बंदी घातली. १९८० ते १९९६ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांच्या नावाचा अर्थ आजही शब्दशः 'फिन्बोगीची लेक' असाच. त्यामुळे मराठी लेखात त्यांचा दुसऱ्यांदा उल्लेख करताना 'फिन्बोगादोत्तिर म्हणाल्या' असं लिहू नये. म्हणणाऱ्या विग्दिस; फिन्बोगी हे त्यांचे वडील. आइसलँडची छापील टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली असायची.

सालं सोबत असली तरी मधला काळ धूसर राहतो. शहरात बदल आधी झाला, खेड्यात उशिरा. अशा वेळी बहिणीची कसोटी लावावी. भाऊ कार्ल अँडर्सन असेल आणि त्याची बहीण अँडर्सडॉटर असेल, तर नाव अजून जिवंत आहे, बापाचं नाव अँडर्स. बहीणही अँडर्सनच लिहिली असेल, तर नाव गोठलं. बापाचं नाव काहीही असू शकतं. मुलगी 'सन' कशी, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. भावांच्या नोंदी कितीही गोळा केल्या तरी हे कळत नाही, एका बहिणीच्या नोंदीवरून कळतं.

स्पेलिंगमध्येही थोडी खूण असते. स्वीडिश अँडर्सनमध्ये 'एस' दोनदा येतो: एक षष्ठीचा, एक 'सन'चा. डेन्मार्क-नॉर्वेत शेवटी 'सेन' येतं आणि 'एस' एकदाच. नॉर्वेचा कारभार कित्येक शतकं डॅनिश लिपिकांच्या हातात होता, म्हणून तिथेही कागदावर 'सेन'. देवनागरीत स्वीडिश नाव 'अँडर्सन' आणि डॅनिश-नॉर्वेजियन 'आनर्सन' किंवा 'अँडर्सेन' असा फरक ठेवला तर वाचकाला देश ओळखायला मदत होते.

शेताचं नाव, सैनिकाचं नाव, पंडिताचं नाव

नॉर्वे आणि पश्चिम फिनलंडमध्ये बापाच्या नावानंतर आणखी एक शब्द येतो: शेताचं किंवा घराचं नाव. बाक्के, म्हणजे चढ. हाउगेन, म्हणजे टेकडी. फिनिशमध्ये म्याकेल्या, नियेमेल्या. आपण म्हणतो, अरे हे तर आपल्या 'कर'सारखंच. दिसायला तसं, चालायला अगदी उलट. चांदवडकराला चांदवडमध्ये कुणी चांदवडकर म्हणत नाही. गाव सोडून नाशकात किंवा पुण्यात आल्यावर ते नाव चिकटतं आणि मग सात पिढ्या सुटत नाही. नॉर्वेचं शेताचं नाव म्हणजे चालू पत्ता. त्या शेतावर आहात तोवर ते तुमचं, दुसऱ्या शेतावर गेलात की नाव बदललं. घरजावई झालेला माणूस बायकोच्या घराचं नाव लावतो आणि त्यात त्याला काही कमीपणाही वाटत नाही. वंशावळ करणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते: एकाच शेताचं नाव लावणारी दोन कुटुंबं नात्यातली असतीलच असं नाही, आणि सख्खे भाऊ वेगळ्या नावांचे असू शकतात.

पूर्व फिनलंडचा रिवाज वेगळा. तिथे 'नेन'ने संपणारी कुळाची नावं शेकडो वर्षं बापाकडून मुलाकडे चालत आली. जुन्या नोंदींत मुलींसाठी त्याचं स्त्रीरूपही सापडतं: कोर्होनेन घराण्यातली ती कोर्होतार. सूचीत ही दोन वेगळी कुळं धरू नयेत. आणि 'नेन' दिसलं की माणूस पूर्वेचा, असंही ठोकून देऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडच्या लोकांनी ही धाटणी हौसेने उचलली. 'विर्ता' म्हणजे प्रवाह, त्यावरून विर्तानेन. या पद्धतीची कितीतरी नावं तेव्हाची. खुद्द कोस्किनेन हे याच प्रकारातलं.

सैनिकांची नावं सोपी असतात, पण खड्डा मोठा. स्वीडनने १६८२ पासून सैन्याची अशी व्यवस्था लावली की काही शेतांनी मिळून एक सैनिक पोसायचा. एका तुकडीत पाच-सहा अँडर्स अँडर्सन झाले तर हाक कुणाला मारायची? म्हणून प्रत्येकाला छोटं, कडक नाव: रास्क म्हणजे चपळ, मूडिग म्हणजे शूर, स्टोल म्हणजे पोलाद, स्वेर्ड म्हणजे तलवार. ते नाव पुष्कळदा त्या जागेचं असे. एक रास्क निवृत्त झाला की त्याच जागी आलेला पुढचा माणूसही रास्क. दोघांत रक्ताचं नातं शून्य. सैन्यातून सुटल्यावर कुणी ते नाव टाकून पुन्हा अँडर्सन होई, कुणी मुलांना देऊन जाई. नाव छोटं, कडक आणि शस्त्राचं किंवा गुणाचं असेल तर बापाचं नाव 'रास्क' म्हणून शोधण्यात वेळ घालवू नका. सैन्याच्या हजेरीपटात शोधा.

शिकायला गेलेल्याचं नाव लॅटिन व्हायचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिन्नेउसचे वडील निल्स इंगेमार्सन विद्यापीठात गेले तेव्हा त्यांनी घराजवळच्या लिंड झाडावरून ते नाव बांधलं. मुलाला उमरावपद मिळालं तेव्हा त्याचंच 'फॉन लिन्ने' झालं. तापमानाच्या सेल्सिउसचं घराण्याचं नाव 'टेकाड' अशा अर्थाच्या गावनावाचं लॅटिन रूप. फिनिश लिखित भाषेचा पाया घालणारा मिकाएल आग्रिकोला (मृत्यू १५५७) हा ओलावचा मुलगा. आग्रिकोला म्हणजे पुन्हा शेतकरीच. शेवटी 'उस' किंवा 'इउस' दिसलं तर पाद्री, वैद्य, प्राध्यापक यांच्यात शोध घ्यायचा. 'अँडर'ने संपणारी नावं ग्रीक 'आनेर', म्हणजे पुरुष, यावरून. तिथे अँडर्सशी संबंध जोडू नका.

मग येतात दोन तुकड्यांची शोभेची नावं: लिंड आणि क्विस्ट (डहाळी), बॅर्ग (डोंगर) आणि स्ट्रोम (प्रवाह), लुंड (राई), होल्म (बेट), ग्रेन (फांदी), ब्लाड (पान). शहरात आलेल्या कारागिरांनी, मध्यमवर्गाने ती घेतली. लिंडक्विस्टच्या पूर्वजांनी लिंडाची डहाळी तोडली होती का, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कधी पहिला तुकडा गावाच्या नावातून आलेला असतो, कधी केवळ कानाला गोड लागला म्हणून. अर्थ लिहावा, गोष्ट रचू नये.

एक घर, चार भाऊ

हे सगळं एका ठिकाणी कसं भेटतं ते पाहायला एक नमुना बांधू. माणसं काल्पनिक, रीत खरी. पश्चिम फिनलंडमधल्या म्याकेल्या घरातला अंत्ती. स्वीडिशमध्ये लिहिणारा पाद्री त्याला 'अँडर्स' लिहितो. त्याचा मुलगा मात्ती. चर्चच्या वहीत 'माट्स अँडर्सन म्याकेल्या'. मात्ती नियेमेल्या घरात घरजावई जातो. पुढच्या वहीत तो 'माट्स अँडर्सन नियेमेल्या'. बायको रीट्टा, वहीत 'ब्रीटा लार्सडॉटर', लग्नानंतरही तीच. नवऱ्याच्या नावाखाली तिला शोधलंत तर सापडणार नाही. तिथल्या बायका बापाचं नाव घेऊन यायच्या आणि घेऊनच मरायच्या. आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायची चाल होती, म्हणून हे डोक्यात मुद्दाम ठसवून घ्यावं लागतं.

यांना चार मुलगे. थोरला योहान घरी राहिला: योहान माट्सन नियेमेल्या. दुसरा सैन्यात गेला: एरिक रास्क. तिसरा शहरात लोहारकाम शिकला आणि लिंडस्ट्रोम झाला. चौथा तुर्कूला शिकून पाद्री झाला, नियेमेलिउस. सख्ख्या भावांची चार आडनावं, आणि आजोबांचं घरनाव पाचवं. उलट दिशेने येणाऱ्याने, म्हणजे आजच्या लिंडस्ट्रोमपासून मागे जाणाऱ्याने, लिंडस्ट्रोम हे नाव पकडून मागे शोधलं तर लोहारापाशी रस्ता संपतो. नाव सोडून द्यायचं आणि तीन गोष्टी धरायच्या: जन्मतारीख, गाव, आणि कुठून आला याची नोंद. त्यावरून नियेमेल्यापर्यंत पोचता येतं.

थोरल्याच्या मुलाचं नाव बहुधा आजोबांचं, माट्स. मग माट्स अँडर्सन, योहान माट्सन, माट्स योहान्सन अशी साखळी चालू राहते. आजोबा-नातवाची सरमिसळ इथे होते. त्यात लहानपणी दगावलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धत, त्यामुळे एकाच घरात दोन योहान सापडले तर दचकू नये. पहिल्याच्या मृत्यूची नोंद आधी शोधावी.

वही वाचताना

पंचवटीत किंवा त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी उघडून घेतल्यात त्यांना फिनलंडच्या चर्चच्या वह्या परक्या वाटणार नाहीत. तिकडे पत्ता गाव आणि आडनावावरून लागतो, इथे परगणा, गाव, मग घर. १६८६ च्या स्वीडिश चर्च कायद्याने पाद्र्यांवर जन्म, विवाह, मृत्यू आणि घरोघरच्या धर्मपरीक्षेच्या वह्या ठेवण्याची सक्ती केली. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनचा भाग होता. त्यानंतर रशियाच्या झारखाली गेला तरी वह्या स्वीडिशमध्येच चालू राहिल्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. म्हणून फिनिश शेतकऱ्याचं नाव फिनिशमध्ये शोधू नका. घरात ज्याला हेइक्की म्हणत तो वहीत हेन्रिक, पेक्का तो पेटर, लाउरी तो लार्स, पेंत्ती तो बेंग्ट, ओल्ली तो ओलोफ, युर्यो तो येओर्ग किंवा योरान. बायकांत लीसा म्हणजे एलिसाबेट, काइसा म्हणजे काटारीना, पिर्को म्हणजे बिर्गिट्टा. पाद्री बदलला की रूपही बदलतं.

नावाच्या आधीचा छोटा शब्द नाव समजून लिहिला जातो. 'बूंडे' म्हणजे जमीनधारक शेतकरी, 'टोर्पारे' म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी आणि तुकडा घेऊन राहणारा, 'ड्रेंग' गडी, 'पीगा' कामवाली पोर, 'हुस्ट्रू' बायको, 'एंका' विधवा. संक्षेपात लिहिलेला 'ड्रेंग' हटकून डॉक्टर होतो. अठराव्या शतकातल्या खेड्यात घराघरात डॉक्टर दिसायला लागले की समजावं, गडबड झाली.

स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आणि डेन्मार्क, चारही देशांच्या राष्ट्रीय अभिलेखागारांनी चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर ठेवल्यात. स्वीडनच्या तर २०१८ पासून फुकट आहेत. गेल्या शंभरेक वर्षांतल्या नोंदी मात्र सहसा उघड्या नसतात. फिनलंडपुरती 'हिस्की' ही वंशावळ मंडळाची सूची आधी चाळावी आणि तिथे जे सापडेल ते मूळ पानाशी ताडून घ्यावं. सूची ही नक्कल, पान हा पुरावा.

गावांचीही दोन-दोन नावं असतात: तुर्कू म्हणजेच ओबू, हेलसिंकी म्हणजे हेलसिंगफोर्स, तांपेरे म्हणजे ताम्मरफोर्स, पोर्वो म्हणजे बोर्गो. कोस्किनेन यांचं वासा १८५२ च्या आगीनंतर हलवलं गेलं आणि १८५५ पासून त्याचं अधिकृत नाव झारवरून निकोलाइस्टाड होतं, १९१७ पर्यंत. नाशिकचं मोगलाईत गुलशनाबाद होतं तसंच. कोस्किनेन १८३० साली 'निकोलाइस्टाड येथे जन्मले' असं कुठे दिसलं तर ते चूक. तेव्हा ते नावच नव्हतं.

फिनिश मजकुरात आणखी एक फास आहे. तिथे नावाला विभक्ती लागली की नाव वाकतं. कोस्किनेनचं षष्ठीत कोस्किसेन होतं, तुर्कूचं तुरुन, हेलसिंकीचं हेलसिंगिन. इंग्रजीवर वाढलेला अनुवादक 'तुरुन' नावाचं नवं गाव वसवून मोकळा होतो. मराठी माणसाला हे कळायला वेळ लागू नये, कारण आपणही नाशिकला गेलो की 'नाशकात' पोचतो. नियम एवढाच: सूचीत नेहमी प्रथमेचं रूप. 'सेन'ने संपणारं फिनिश नाव दिसलं तर ते डॅनिश 'सेन' आहे की 'नेन'ची षष्ठी, हे वाक्य पाहून ठरवा.

तारखांसाठी एक साल पाठ असू द्या: स्वीडन आणि फिनलंडमध्ये पंचांग बदललं तेव्हा १७ फेब्रुवारी १७५३ नंतर थेट १ मार्च उजाडला. डेन्मार्क-नॉर्वेत हाच बदल १७०० साली झाला. मधल्या काळातल्या एकाच घटनेच्या तारखा दोन देशांच्या कागदांत दहा-अकरा दिवसांनी वेगळ्या दिसतात. दोन्ही बरोबर असतात. लिहिताना कुठल्या पंचांगाची तारीख ते शेजारी लिहायचं.

पहिली नावं

जुनी नॉर्स नावं बहुतेक दोन शब्द जोडून केलेली. हाराल्ड म्हणजे सैन्य आणि सत्ता, सिग्रिड म्हणजे विजय आणि सुंदर, टोर्स्टेन म्हणजे थॉर नावाचा देव आणि दगड. मात्र दोन शब्दांतून वाक्य काढायचा मोह टाळावा. गुन्हिल्डमध्ये दोन्ही तुकड्यांचा अर्थ युद्धच आहे. 'युद्धाचं युद्ध' असं कुणाला म्हणायचं नव्हतं. आजोबांच्या नावातला एक तुकडा, आजीच्या नावातला एक, असं जोडून नातवाचं नाव व्हायचं. ख्रिस्ती धर्म आल्यावर योहानेस, पेत्रुस, आंद्रेआस आले आणि देशोदेशी वळले: एकट्या योहानेसचे योहान, येन्स, हान्स, यॉन, आणि फिनिशमध्ये युहानी, युहो, युस्सी, हान्नु. जुन्यांतलं ओलाव टिकलं, कारण १०३० साली लढाईत पडलेला नॉर्वेचा राजा ओलाव पुढे संत मानला गेला. राजांच्या नावापुढचा शब्द आडनाव नसतो, हेही ध्यानात असू द्या. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा हाराल्ड 'ब्लूटूथ', ज्याच्यावरून आपल्या मोबाइलमधल्या त्या सोयीला नाव पडलं, तो सूचीत 'हाराल्ड'खाली.

देवनागरीत उतरवताना

इंग्रजी उच्चारावरून लिहू नका, सगळं तिथेच बिघडतं. रोमन 'जे' म्हणजे सगळीकडे 'य': योहान, येन्स. 'जोहान' नाही. स्वीडिशमध्ये 'जी'नंतर इ, ए, दोन टिंबांचा 'ओ' असे पुढचे स्वर आले की 'य' होतो, म्हणून येओर्ग आणि योरान. डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला 'ए' म्हणजे आपला 'ओ' किंवा 'ऑ'. दोन टिंबांचा 'ए' म्हणजे 'ॲ' किंवा 'ए'. फिनिशमध्ये बहुधा 'ॲ'च्या जवळ, पण आधी 'म' आला की 'म्या' लिहिणं मराठीत जास्त बरं वाचलं जातं. 'टी-एच' हा 'थ' नाही, 'त' किंवा 'ट': पोर्तान, 'पोर्थान' नाही. फिनिश 'वाय' मराठीत नाहीच: ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. तो 'यु' लिहायचा ठरवलात तर शेवटपर्यंत 'यु'च ठेवा. एका पानावर युर्यो, दुसऱ्यावर इर्यो असं झालं की वाचक दोन माणसं समजतो. फिनिश जोडाक्षरं गाळू नका: मात्ती आणि माती वेगळे. ज्यांच्या 'ळ'चा परदेशात 'ल' होतो त्यांनी तरी दुसऱ्याच्या अक्षरांशी थोडं जपून वागावं.

त्यांच्या सूचीत शोधताना ही टोपी-टिंबांची अक्षरं 'ए'पाशी नसतात, 'झेड'च्याही पुढे असतात. 'ओबू' पहिल्या पानावर शोधणारा हात हलवत परत येतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' जुन्या सूचींत एकत्र लावलेले असतात. डॅनिशमध्ये १९४८ पर्यंत आणि नॉर्वेजियनमध्ये १९१७ पर्यंत वर्तुळवाल्या 'ए'ऐवजी 'ए' दोनदा लिहीत, त्याचा उच्चार 'ओ'. फिनिशमध्ये मात्र दोनदा 'ए' म्हणजे साधा दीर्घ 'आ'.

इतिहासकाराचं नोंदकार्ड

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या नाशिकला 'पाहा' नोंद म्हणजे काय ते सांगायला नको. आधी ठरवा की माणूस कुठल्या नावाने लिहीत होता; मुख्य कार्ड त्या नावाचं, बाकीची 'पाहा'ची. त्या त्या सालाच्या कागदात त्याचं नाव जसं आहे तसंच उद्धृत करा, मागाहून आलेलं नाव आधीच्या घटनेला चिकटवू नका. १९०६ साली १२ मे रोजी, तत्त्वज्ञ स्नेलमनच्या जन्मशताब्दीला, हजारो फिनिश कुटुंबांनी एकदम स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. त्यामुळे या तारखेच्या आसपास हरवलेलं कुटुंब अर्थ भाषांतरित करून शोधावं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले पासिकिवी जन्माने हेल्स्टेन, दोन्हींत शिळा आणि दगड. पण भाषांतर नेहमीच इतकं सरळ नसतं. चित्रकार अक्सेल गाल्लेन १९०७ मध्ये अक्सेली गाल्लेन-काल्लेला झाले, तिथे जुनं नाव अर्धं तसंच राहिलं.

हेन्रिक गाब्रिएल पोर्तान (१७३९–१८०४) यांना फिनिश इतिहासलेखनाचे जनक म्हणतात. त्यांच्या कार्डात वेगळीच अडचण आहे. तुर्कूच्या विद्यापीठात तेव्हा प्रबंध पुष्कळदा प्राध्यापक लिहीत आणि विद्यार्थी त्याचा जाहीर बचाव करी. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं. फिनिश लोककाव्यावरचं पोर्तान यांचं लॅटिन लेखन १७६६ ते १७७८ दरम्यान असंच प्रबंधांच्या रूपात आलं. जुन्या याद्यांत अशी कामं कधी विद्यार्थ्याच्या नावे लागलेली असतात. मुखपृष्ठावर 'प्रेसेस' (प्राध्यापक) कोण आणि 'रेस्पॉन्डेन्स' (बचाव करणारा विद्यार्थी) कोण ते पाहून दोन्ही नावांनी नोंद करा. पोर्तान यांच्या काळाचे कागद सापडले नाहीत तर शोधण्यात आपलं चुकलं असंच समजू नका. १८२७ च्या आगीत तुर्कू शहराबरोबर विद्यापीठाचं ग्रंथालयही जळालं.

कोस्किनेन यांचं कार्ड असं होईल. मुख्य नोंद: 'कोस्किनेन, युर्यो (१८३०–१९०३), फिनिश इतिहासकार व राजकारणी, जन्मनाव येओर्ग सकारियास फोर्समन, १८८२ पासून युर्यो सकारी युर्यो-कोस्किनेन.' दुसरं कार्ड 'फोर्समन, येओर्ग सकारियास: पाहा कोस्किनेन, युर्यो.' तिसरं 'युर्यो-कोस्किनेन, युर्यो सकारी: पाहा कोस्किनेन, युर्यो', आणि हे 'य'मध्ये लावायचं, 'क'मध्ये नाही. त्याच 'य'मध्ये आर्नो युर्यो-कोस्किनेन, १९३१-३२ मधले फिनलंडचे परराष्ट्रमंत्री, यांचं स्वतंत्र कार्ड येईल. त्यांच्या नावातला युर्यो पहिलं नाव नाही, आडनावाचा अर्धा भाग आहे, त्यामुळे 'युर्यो' म्हणून त्यांचा उल्लेख करता येत नाही. भाऊ याक्को यांचं कार्ड 'फ'मध्ये, फोर्समन म्हणूनच, खाली एवढीच ओळ: 'युर्यो कोस्किनेन यांचे बंधू.' ती ओळ नसेल तर कपाटातल्या दोन खणांतले हे भाऊ एकमेकांना कधीच सापडणार नाहीत.